स्टेअरिंग कॉलम निघत नाही? हातोडा उचलण्याआधी हे तपासा

जुनी गाडी रिस्टोअर करायला घेतली की बहुतेकांचं काम एका ठिकाणी हमखास अडतं. सीट निघतात, डॅशबोर्ड निघतो, वायरिंगचा गुंताही चिठ्ठ्या लावून बाजूला होतो, पण स्टेअरिंग कॉलम, म्हणजे व्हीलपासून खाली स्टेअरिंग बॉक्सकडे जाणारी नळी आणि तिच्यातला शाफ्ट, जागचा हलत नाही. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जुनी जीप, बीटल अशा गाड्यांवर हे काम मी वारंवार केलं आहे आणि इतरांच्या अडलेल्या गाड्याही सोडवल्या आहेत. कॉलम निघत नाही म्हटलं की सगळे गंजाला दोष देतात. गंज असतोच, मुंबईच्या हवेत तो असणारच. पण बहुतेक वेळा कॉलम गंजलेला म्हणून अडत नाही, तो अजून कुठेतरी बांधलेला असतो म्हणून अडतो. तो कशाने धरलाय हे कळेपर्यंत जोर लावायचा नाही, एवढा एक नियम पाळलात तर शाफ्ट, बॉक्स आणि पत्रा तिन्ही वाचतात.

आधी लक्षणं बघा

कॉलम दोन्ही हातांनी धरून सरळ वर, त्याच्या लांबीच्या दिशेने खेचा. झटका न देता सावकाश. तो कसा अडतो यावरून पुष्कळ कळतं.

अर्धा इंच वर आला आणि टक्कन लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा थांबला, तर आत कुठेतरी बोल्ट किंवा पिन आडवी आहे. हा गंज नव्हे.

थोडा येतो, ताण जाणवतो आणि सोडला की परत खाली जातो, तर रबर, वायर किंवा गिअरची दांडी त्याला ओढते आहे.

कॉलम हलत नाही पण पायाखालचा पत्रा किंचित वर उचलला जातो, तर फ्लोअरवरची प्लेट सुटलेली नाही, किंवा कोणीतरी ती आधीच्या डेंटिंगमध्ये वेल्ड करून टाकली आहे.

बाहेरची नळी हलते, आतला शाफ्ट मात्र ढिम्म, तर खालच्या जोडावर लक्ष द्या. उलट, व्हीलचा नट निघाला, बाकी सगळं मोकळं आहे आणि फक्त व्हील शाफ्टला चिकटून बसलंय, तर दुखणं वरच्या टोकाला आहे.

आणि कुठेच काही हलत नाही, ताणही नाही, आवाजही नाही, तेव्हा मात्र खरोखर गंजाचा विचार करायचा.

तुमच्या गाडीचा कॉलम कोणत्या जातीचा?

हे बघायला एक टॉर्च पुरते, म्हणून सगळ्यात आधी. बोनेट उघडा. शाफ्ट फायरवॉलमधून, म्हणजे केबिनच्या पुढच्या पत्र्यातून, बाहेर येतो तिथपासून स्टेअरिंग बॉक्स किंवा रॅकपर्यंत (शाफ्टचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी किंवा दातेरी पट्टी) नजर फिरवा. मध्ये कुठे क्लॅम्प, कपलिंग किंवा रबरी डिस्क दिसते का?

दिसली, तर शाफ्ट तिथे सुटतो आणि कॉलम केबिनच्या बाजूने वर निघतो. अ‍ॅम्बेसेडरला रॅक अँड पिनियन आहे, तिथे शाफ्ट पिनियनच्या दात्यांवर क्लॅम्पने बसतो. बीटललाही खाली कपलिंग असतं.

जोडच दिसत नसेल आणि शाफ्ट सरळ बॉक्सच्या पोटात जात असेल, तर वरून खेचण्यात अर्थ नाही. जुन्या विलीज जातीच्या जीपमध्ये शाफ्ट आणि बॉक्सच्या आतला कॅम (शाफ्टबरोबर फिरणारा गिअरचा भाग) एकच तुकडा असतो. अशा गाडीत ड्रॉप आर्म (बॉक्सला चाकांकडच्या दांड्यांशी जोडणारा हात) काढायचा, बॉक्सचे बोल्ट काढायचे आणि बॉक्स व शाफ्ट एकत्र बाहेर घ्यायचे. त्यासाठी गाडी बरीच उचलावी लागते किंवा मडगार्ड काढावं लागतं. ‘कॉलम जाम आहे’ म्हणून लोक ज्या गाड्या दाखवतात, त्यातल्या कितीतरी या जातीच्या निघतात. तिथे जाम झालेलं काहीच नसतं, खेचायची दिशा चुकलेली असते.

पद्मिनीच्या बाबतीत एक सांगून ठेवतो. या गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यात दीर्घकाळ बनल्या, आणि ज्या टॅक्सी म्हणून फिरल्या त्यांचे बॉक्स, शाफ्ट, दांड्या वाटेत अनेकदा बदललेल्या असतात. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. म्हणजे टॅक्सीच्या आयुष्यातून आलेली गाडी असेल तर ती कारखान्यातून निघाली तशीच असेल हे गृहीत धरू नका. मॅन्युअलच्या चित्रात काय आहे त्यापेक्षा तुमच्या गाडीत काय बसवलंय ते बघा.

बिनखर्चाच्या गोष्टी आधी

गाडी कुठे उभी आहे? कॉलम सुटला की गाडी वळवता येत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करत असाल तर गाडी आधीच अशा कोपऱ्यात लावा, जिथून ती महिनाभर हलवायची वेळ येणार नाही. पाण्याचा टँकर आला, शेजाऱ्यांना गाडी काढायची आहे, आणि तुमची गाडी मध्ये आडवी, असं झालं की घाईत कोणीतरी नको तिथे धक्का मारतं. पुढची चाकं सरळ ठेवा. गाडी उचलायची असेल तर जॅक स्टँडवरच, विटांवर किंवा पेव्हर ब्लॉकवर कधीही नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हॉर्नची वायर बऱ्याच जुन्या गाड्यांत कॉलममधूनच वर जाते, आणि या गाड्यांत फ्यूज मोजकेच असतात. ती वायर उघडी होऊन बॉडीला लागली तर आख्खं वायरिंग जळू शकतं.

स्टेअरिंग लॉक असेल तर किल्ली लावून लॉक उघडा ठेवा. किल्ली हरवलेल्या गाड्यांत हे विसरलं जातं. लॉकची जीभ शाफ्टच्या खाचेत बसलेली असेल तर शाफ्ट फिरणारही नाही आणि सरकणारही नाही.

मग ड्रायव्हरच्या बाजूला पाठीवर आडवे होऊन डॅशखाली बघा. ब्रॅकेटचे बोल्ट दिसतातच. ते काढताना मध्ये पातळ पट्ट्या निघाल्या तर कुठल्या बाजूला किती होत्या ते लिहून ठेवा, कारण परत बसवताना कॉलमचा कोन त्यावर ठरतो. न दिसणाऱ्या गोष्टी जास्त त्रास देतात: इंडिकेटर स्विचचा जोड, अर्थची वायर, मागे कधीतरी बसवलेल्या टेपच्या वायरी कॉलमला चिकटपट्टीने गुंडाळलेल्या, चोकची केबल क्लिपने बांधलेली. हात कॉलमच्या मागच्या बाजूने वरपासून खालपर्यंत फिरवा. डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर सापडतं. टॅक्सी म्हणून चाललेल्या गाडीत खडखड थांबवायला कोणीतरी जास्तीची पट्टी मारून ठेवलेली असते, ती कुठल्याच चित्रात नसते.

क्लॅम्पचा बोल्ट: सगळ्यात जास्त वेळा इथेच अडतं

खालच्या जोडाला चीर असलेला क्लॅम्प असतो आणि तो एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो. बोल्ट ढिला केला, क्लॅम्प सैल झाला असं वाटतं, म्हणून लोक खेचायला लागतात. शाफ्ट जेमतेम हलतो आणि टक्कन थांबतो. मग हातोडा येतो.

कारण साधं आहे. बऱ्याच गाड्यांत शाफ्टच्या अंगावर त्या बोल्टसाठी एक खाच कापलेली असते. बोल्ट शाफ्टला चाटून नव्हे, त्या खाचेतून आरपार जातो. क्लॅम्प सुटला तरी शाफ्ट निसटू नये, यासाठी मुद्दाम केलेली ही सोय आहे. म्हणजे बोल्ट ढिला करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. बोल्ट आत असताना शाफ्टवर कितीही मारलं तरी तो निघणार नाही, फक्त खाच आणि दाते खराब होतील.

बोल्ट काढायच्या आधी शाफ्ट आणि क्लॅम्प दोन्हींवर मिळून एक सरळ रेघ मारा. पांढरा पेंट चांगला, नाहीतर सेंटर पंचचे दोन ठिपके. खडूची रेघ तेलाने पुसली जाते. परत बसवताना एक दाता इकडेतिकडे झाला की गाडी सरळ चालताना व्हील वाकडं राहतं. हीच रेघ आणखी एका कामाला येते: शाफ्ट सरकतोय की नाही हे तिच्यावरून कळतं. रेघेच्या जागी केसाएवढी फट पडली आणि तिथून विटकरी रंगाची भुकटी बाहेर आली, की समजा जोड सुटायला लागला. त्या क्षणी जोर वाढवू नका. तिथे तेल सोडा आणि शाफ्ट थोडा खाली, थोडा वर असा खेळवत ठेवा.

क्लॅम्प तरी सुटत नसेल तर चीर किंचित उघडायची. जाड स्क्रू ड्रायव्हर चिरेत घालून हलका दाब पुरतो. बोल्टचे आटे क्लॅम्पमध्येच कापलेले असतील तर आणखी चांगला उपाय आहे. बोल्ट उलट बाजूने, म्हणजे आट्यांच्या बाजूने घाला आणि चिरेत त्याच्यासमोर पत्र्याचा जाड तुकडा ठेवा. बोल्ट आवळत गेलात की तो पत्र्याला ढकलतो आणि चीर मोजून-मापून उघडते. फार उघडू नका. क्लॅम्प हे ओतीव किंवा घडीव लोखंड असतं, ते तडकलं तर वेल्डिंग करून वापरायची वस्तू नाही.

फ्लोअरची प्लेट आणि रबर

कार्पेट वर करा. त्याखालचा नमदा ओला किंवा कुबट असेल तर पुढचं दृश्य काय असणार ते ओळखून घ्या. काचेच्या म्हाताऱ्या रबरातून पावसाचं पाणी डॅशमागून उतरतं आणि कॉलमच्या पायाशी साचतं. चार महिने पाऊस आणि उरलेले महिने समुद्राची खारी हवा, त्यामुळे या प्लेटचे स्क्रू बहुतेकदा डोकं तुटूनच निघतात. तुटले तर घाबरू नका, ते ड्रिल करून काढता येतात आणि कॉलमला इजा होत नाही.

वर काळ्या अंडरकोटिंगचा थर असेल तर तो खरवडून प्लेटची कड शोधा. थराखाली एखादा स्क्रू राहून गेला की कॉलमऐवजी पत्रा उचलला जातो. रबर शाफ्टच्या नळीला चिकटलं असेल तर साबणाचं पाणी सोडा, नाहीतर सरळ कापा. ते नवीनच बसवायचं आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरात किंवा त्यानंतरच्या कुठल्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल, तर स्टेअरिंग बॉक्सचा फिलर प्लग उघडून आतलं तेल बघा. ते दुधाळ झालं असेल तर आत पाणी शिरलं होतं. मग बॉक्स उघडावाच लागणार आहे, त्यामुळे कॉलमवर जबरदस्ती करण्यापेक्षा दोन्ही एकत्र काढणं शहाणपणाचं.

गिअर कॉलमवर असेल तर

बहुतेक पद्मिनी आणि जुन्या अ‍ॅम्बेसेडरचा गिअर लिव्हर कॉलमवर आहे. त्याच्या दांड्या खाली गिअरबॉक्सकडे जातात आणि त्या सुटेपर्यंत कॉलम मोकळा होत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, दांड्यांच्या टोकाच्या स्प्लिट पिना काढा, वॉशर आणि बुश ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा. झिजलेले बुश इथेच बदलून घ्या. गिअर अडकण्याची निम्मी तक्रार त्यांच्यामुळे असते.

स्टेअरिंग व्हील

व्हील शेवटी काढायचं, कारण तोवर ते हातात धरायला उत्तम मूठ आहे. कधीकधी ते काढावंही लागत नाही. कॉलम व्हीलसकट बाहेर येत असेल तर येऊ द्या, पुढचं टेबलावर करता येतं.

काढायचंच असेल तर आधी व्हीलचा हब आणि शाफ्टचं टोक यांवर पंचचा ठिपका मारा. नट ढिला करा पण पूर्ण काढू नका, शेवटच्या दोन आट्यांवर राहू द्या. व्हील अचानक सुटलं तर तोंडावर येत नाही. मग दोन्ही हातांनी डावी-उजवी बाजू आलटूनपालटून ओढा.

नाही सुटलं तर पुलर, म्हणजे व्हील खेचून काढायचं अवजार. भोकं असतील तर बोल्टवाला पुलर, नसतील तर पंजाचा, पण पंजे हबच्या मागेच लागले पाहिजेत. रिमला किंवा आऱ्यांना लावला तर जुनं बेकलाइट किंवा कडक रबर तडकतं, आणि तसं व्हील चांगल्या अवस्थेत शोधणं हे कॉलम काढण्यापेक्षा मोठं काम आहे. नागदेवी स्ट्रीटला बऱ्यापैकी पुलर मिळतो. पुलर आवळून ताण द्या आणि तसाच सोडा. रात्रभरात बऱ्याचदा व्हील आपोआप सुटतं.

शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नका. हे मी कळकळीने सांगतो. टोकाचे आटे पसरतात, नट परत बसत नाही, आणि प्रत्येक घाव शाफ्टमधून थेट बॉक्समधल्या बेअरिंगवर आणि वर्मवर (स्क्रूसारख्या गिअरवर) जातो. तिथे पडलेला खळगा बाहेरून दिसत नाही. गाडी तयार झाल्यावर व्हील मधल्या जागी आलं की जो खरखरीत अटकाव जाणवतो, तो इथून आलेला असतो.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या अमेरिकन गाड्या आणि नंतरच्या अनेक परदेशी गाड्यांत अपघातात दबणारा कॉलम असतो. काही कॉलममध्ये आतले दोन भाग प्लॅस्टिकच्या बारीक पिनांनी जोडलेले असतात, त्या घावाने तुटतात. तुटल्या की तो कॉलम सुरक्षित राहत नाही, मग बाहेरून कितीही चांगला दिसो.

खरंच गंज असेल तर

वरचं सगळं तपासून झालं आणि तरी हलत नाही, तेव्हाच इथे या. गंज सोडवणारं तेल जोडावर वरून आणि खालून सोडा, सकाळ-संध्याकाळ, दोन-तीन दिवस. डब्ल्यूडी-४० चालतं, पण घट्ट बसलेल्या दात्यांसाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल जास्त आत जातं. मध्ये मध्ये क्लॅम्पच्या कडेला पितळी दांडी टेकवून हलके ठोके द्या. शाफ्टच्या लांबीच्या दिशेने नाही, आडवे. ठोका जोर देण्यासाठी नसतो, गंजाचा पापुद्रा सुटून तेल आत उतरावं यासाठी असतो.

ज्योतीची गरमी हा घरी करायचा उपाय नाही. कॉलमच्या पायाशी ब्रेकचं ऑइल असतं, शेजारून पेट्रोलची नळी जाते, वर रबर आणि वायरिंग. सोसायटीच्या आवारात, लोकांच्या गाड्यांच्या रांगेत, हे करायचंच नाही.

स्टेअरिंग लॉकच्या क्लॅम्पचे डोकं तुटलेले बोल्ट हे वेगळं प्रकरण. ते चोरीविरुद्ध मुद्दाम तसे केलेले असतात, आवळताना डोकं तुटून पडतं. मध्यभागी पंच मारा, मग धारदार छिन्नीने कडेवर हलके ठोकत डावीकडे फिरवा. नाही फिरला तर ड्रिल, पण हात स्थिर असेल तरच.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

शाफ्टला पीळ पडलेला दिसला, म्हणजे मारलेली रेघ वळलेली दिसली. दाते चेपले गेले. क्लॅम्प किंवा बॉक्सच्या अंगावर केसासारखी चीर दिसली. दबणारा कॉलम थोडासाही आखूड झालाय असं वाटलं. बॉक्सचे बोल्ट फिरताहेत पण सुटत नाहीत, म्हणजे मागचा नट चॅसिसच्या किंवा बॉडीच्या आत फिरतोय. फ्लोअरचा किंवा ब्रॅकेटच्या जागेचा पत्रा इतका सडलाय की बोट आत जातंय. यातलं काहीही असेल तर तुमचं काम तिथे संपलं. जुन्या गाड्यांची स्टेअरिंग बॉक्स उघडणारा मिस्त्री शोधा, आणि पत्र्यासाठी आधी डेंटर.

आणि एक ठाम ‘नाही’. शाफ्ट कापून बाहेर काढू आणि मग वेल्डिंग मारून देऊ, असं कोणी सुचवलं तर गाडी त्याच्या हातात देऊ नका. स्टेअरिंग शाफ्टवरचं वेल्डिंग तुटलं की हातात फक्त व्हील राहतं. कापायचाच असेल तर बदली शाफ्ट आधी हातात घ्या. कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या दुकानांत किंवा ऑपेरा हाऊसच्या बाजारात शोधा. जुना शाफ्ट सोबत न्या आणि लांबी, दाते, टोकाचे आटे तिथेच लावून बघा. फोटो दाखवून घेतलेला शाफ्ट बसेलच असं नाही.

बाहेर आल्यावर

बॉक्स गाडीतच राहिला असेल तर त्याचा वरचा शाफ्ट आता कोणालाही फिरवू देऊ नका, त्यावर फडकं बांधा. चुकून फिरला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि निम्म्यावर आणून ठेवा, तीच त्याची मधली जागा. कॉलम परत लावताना क्लॅम्पचा बोल्ट आणि नट नवीन घ्या, त्याच मापाचा आणि त्याच ग्रेडचा. भंगारातला मिळताजुळता चालणार नाही. बोल्ट शाफ्टच्या खाचेतून गेला आहे हे टॉर्च मारून डोळ्यांनी बघा, व्हीलचा नट टॉर्क पान्याने आवळा, आणि पहिल्यांदा गाडी बाहेर काढण्याआधी अलाइनमेंट करून घ्या. थोडं चालवून झाल्यावर क्लॅम्प आणि ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा.